तळे नसलेल्या शहराचे तळे

ठाण्याला मासुंदा आहे, कोल्हापूरला रंकाळा, सावंतवाडीला मोती तलाव आणि नागपूरला तर फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर अशी रांगच. नाशिकला तळे नाही. नदी आहे, पण ती आधी तीर्थ आणि मग नदी. रामकुंडावर माणूस जातो तो पाय मोकळे करायला कमी. अस्थी, पिंड, आरती यांच्या निमित्ताने जास्त. पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गाव ते बघायला लोटते आणि छातीपर्यंत चढले की सराफ बाजारातले दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवू लागतात. काठाने गोदापार्क उभारला, २०१६च्या पुराने त्याची दैना केली. निवांत बसावे, पोरांना मोकळे सोडावे, पलीकडचा काठ बघत भेळ खावी, असे पाणी नाशिकच्या पोटात नाही.

म्हणून नाशिककर वरच्या अंगाला जातो. गंगापूर रोडला लागायचे, सोमेश्वर आणि दूधसागर धबधबा मागे टाकायचा, द्राक्षबागांच्या कडेने पुढे सरकायचे. गंगावऱ्हे, सावरगावच्या बाजूला गेले की पाणी उघडे होते. शहरापासून पंधराएक किलोमीटरवरचे हे पाणी कागदोपत्री तळे नव्हेच, गंगापूर धरणाचा फुगवटा आहे. बोलण्यात सगळे त्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतात. पण इतर शहरे तळ्याकडून जी कामे करून घेतात ती सगळी नाशिक याच्याकडून घेते. प्यायचे पाणी, रविवारची सहल, लग्नाआधीचे फोटोशूट, वाढदिवसाचा केक आणि थंडीतली बदके, सगळे एकाच पाण्यावर. या सगळ्यांत पाण्याची वाटणी मात्र आजवर कुणी करून दिलेली नाही. ती करायची वेळ आली आहे, नव्हे, थोडी टळूनच गेली आहे.

धरण मातीचे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात जी मोठी मातीची धरणे सुरुवातीच्या काळात बांधली गेली, त्यांतले हे एक. १९६५ मध्ये पुरे झाले. उंची साडेछत्तीस मीटर, लांबी मात्र ३,९०२ मीटर. भिंतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायचे म्हटले तर पाऊण तास सहज मोडतो. असे बुटके आणि लांबलचक धरण पाणी दरीत उभे करत नाही, ते शेतांवर पसरवते. त्यामुळे जलाशयाची वरची टोके उथळ. दिवाळीनंतर पाणी मागे सरू लागते तसा ओला चिखल उघडा पडतो. शेतकरी त्यावर गाळपेर करतात, म्हणजे सरत्या पाण्यामागोमाग ओलीवर पीक घेतात. त्याच ओलीवर शेकाट्या, तुतवार, टिटव्या किडे टिपत फिरतात आणि जरा आतल्या गुडघाभर पाण्यात बदके डोकी बुडवून चरत असतात. धरणाच्या आराखड्यात यातले काही नव्हते. सिंचन आणि पिण्याचे पाणी एवढाच हेतू होता; बाकीचे आपोआप घडत गेले.

गाळही आपोआपच आला. मूळची क्षमता सात हजार दशलक्ष घनफुटांच्या वर होती. आज पाटबंधाऱ्यांच्या रोजच्या तक्त्यात उपयुक्त साठा धरला जातो ५,६३० दलघफू, म्हणजे साडेपाच टीएमसीहून जरासा अधिक. वर काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणे नंतर बांधली गेली, ती तुटीच्या वेळी हात देतात. शहरासाठी मुकणे आणि दारणा हेही स्रोत आहेत. तरी नाशिकच्या बहुतेक नळांचे मूळ गंगापूरच. ही गोष्ट बोटीच्या आणि पाखरांच्या चर्चेत हटकून विसरली जाते, म्हणून ती आधी सांगितलेली बरी. ज्या पाण्यात बोट फिरते तेच शुद्धीकरण केंद्रातून सिडकोत, पंचवटीत आणि नाशिकरोडला जाते.

काठाचा चेहरा बदलला तो गेल्या पंचवीस वर्षांत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुला वाइनने या माळांवर द्राक्षमळा आणि वायनरी उभी केली. मागोमाग इतर वायनरी आल्या, रिसॉर्ट आले, पाण्याकडे तोंड केलेल्या खोल्या आल्या. ‘लेक व्ह्यू’ या दोन शब्दांनी इथल्या गुंठ्याचा भाव ठरू लागला. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानेही बरीच वर्षे रखडलेला बोट क्लब अखेर सुरू केला आणि शेजारी ग्रेप पार्क रिसॉर्ट बांधले. यात वाईट काही नाही. ओसाड माळापेक्षा चार माणसांना रोजगार देणारा काठ केव्हाही बरा. मात्र हे सगळे होत असताना पाण्याचा सबंध नकाशा समोर ठेवून कुणी बसले नाही. जलसंपदा विभागाला त्यात टीएमसी दिसतात, महापालिकेला पंपिंग दिसते, पर्यटन महामंडळाला खोल्या आणि बोटी दिसतात. वनखाते येतच नाही, कारण हे वन नाही.

कुठल्याही सुटीच्या दिवशी चारच्या सुमारास इथे यावे. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. शेगडीवर कणसे भाजणाऱ्या बाया, लिंबू-तिखट-मीठ चोळून हातात देणार. रिसॉर्टच्या कुंपणाआड हिरवळ आणि वेताच्या खुर्च्या. कुंपण जिथे संपते तिथून गुरांच्या पायवाटेने खाली उतरणारी सातपूर-अंबडकडची कुटुंबे. स्कूटरवर तिघे-चौघे, डिकीत वडापाव आणि पाण्याची बाटली. खाली घाट नाही, कठडा नाही, मुतारी नाही, कचऱ्याचा डबा नाही. भेगाळलेल्या गाळावर बाप पोराचा दंड घट्ट धरून उभा. बाजूला फुटकी हिरवी बाटली. कुणाच्या तरी ब्लूटूथ स्पीकरवर गाणे. आणि पाण्यात, बऱ्याच आत, काळ्या ठिपक्यांची लांब ओळ: वारकरी. पांढऱ्या कपाळाच्या या काळ्या पाणपक्ष्याला पंढरीच्या वाटेवरल्या दिंडीचे नाव ज्याने दिले त्याची नजर अस्सल होती. एक बोट वळसा घेत जवळून जाते, ओळ फडफडत, पाण्यावर पाय आपटत उठते आणि लांब जाऊन उतरते. बोट पुन्हा वळते. ओळ पुन्हा उठते.

पाहणाऱ्याला यात गंमत वाटते. व्हिडिओही चांगला येतो. पण थंडीत आलेले पाखरू इथे चरून अंगावर चरबी धरायला आलेले असते. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे हिमालयापलीकडून येतात आणि मार्चमध्ये त्यांना तेवढेच अंतर परत कापायचे असते. दर उड्डाणात साठवण खर्च होते आणि चरायची वेळ बुडते. दिवसभरात अनेकदा उठवला गेलेला थवा चार दिवसांत जागा सोडतो. मग लोक म्हणतात, यंदा पक्षी कमी आले.

याच जिल्ह्यात, याच नदीवर, शहरापासून चाळीसेक किलोमीटर खाली, मानवनिर्मित पाण्याचे दुसरे टोक पाहायला मिळते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी इंग्रजांनी १९०७ ते १९१३ या काळात नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला. हेतू रोखठोक होता: कोपरगाव-राहात्याकडच्या अवर्षणी पट्ट्याला दोन कालव्यांनी पाणी द्यायचे. वर दारणेवर १९१६ मध्ये धरण झाले, ते याच कालव्यांचा साठा म्हणून. बंधारा बुटका, पाणी पसरट, आणि सह्याद्रीवरून वाहत येणारी माती वर्षानुवर्षे त्याच्या पोटात बसत गेली. इंजिनिअरच्या वहीत ही तूट. पण त्या मातीची बेटे झाली, बेटांवर बाभळी आणि लव्हाळे उगवले, मधल्या उथळ पाण्यात शेवाळ, गोगलगायी, मासे वाढले. शंभर वर्षांत पाटबंधाऱ्याच्या एका कामाचे पाखरांचे गाव झाले.

१९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. डॉ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे इथे अभिमानाने सांगितले जाते. त्या उपमेत एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. राजस्थानातले भरतपूरही माणसानेच घडवलेले आहे. अठराव्या शतकात सूरजमल जाटाच्या काळात अजान बांध घातला गेला तेव्हा तिथे पाणी साचू लागले. पुढे महाराजांनी ती जागा बदकांच्या शिकारीसाठी राखली आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. १९८५ मध्ये तीच जागा जागतिक वारसा यादीत गेली. माणसाने केले म्हणून ते खोटे आणि आपोआप झाले तेच खरे, हा भेद निसर्गाच्या बाबतीत फार दूरवर टिकत नाही.

नांदूरमध्यमेश्वर जानेवारी २०२० मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी मागून आल्या. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे. त्यात बिबट्या आहे, चंदन आहे, दोन जातींची गिधाडे आहेत, आणि आहे देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटासा मासा, अतिसंकटग्रस्त. आपल्या कॅम्पाच्या नावाचा मासा जगाच्या संकटयादीत आहे हे किती देवळालीकरांना ठाऊक असेल?

चापडगावच्या काठाने पहाटे चालत गेले तर फरक कळतो. तिथे माणसे आहेत, भरपूर आहेत. शाळांच्या सहली, लांब नळीचे कॅमेरे, मुंबई-पुण्याच्या गाड्या. निरीक्षण मनोरा आहे, दुर्बीण घेऊन उभे असलेले गावातलेच वाटाडे आहेत. पाणवेलींच्या हिरव्या गालिच्यावरून जांभळी पाणकोंबडी लांब लाल बोटे टाकत चालते, मधूनच एक देठ उपटते, पायात धरून सोलते आणि आतला पांढरा गर खाते. माणसापासून ती तीस-चाळीस पावलांवर असते. तिला भीती नाही, कारण काठ माणसाचा आणि पाणी तिचे, ही वाटणी इथे वर्षानुवर्षे पाळली गेली आहे. वाटाड्याला दिवसाचे चार पैसे मिळतात; घरगुती जेवणाची सोय करणाऱ्या बायांना मिळतात. बोट नसतानाही पर्यटन चालते, याचा दाखला शोधायला नाशिकला परदेशी जावे लागत नाही.

अर्थात तिथे सगळे गोडच आहे असे नाही. पाणवेली दरसाल वाढतात, कारण शहराचे सांडपाणी त्यांना खत पुरवते. नाशिकच्या गटारांची वर्दी निफाडच्या पाखरांना सर्वांत आधी लागते. आणि बंधाऱ्यातला जो गाळ पाखरांना हवा, तोच चांदोरी-सायखेड्याच्या लोकांच्या जिवावर येतो. मोठा पूर आला की पाण्याला मागे फुगवटा बसतो आणि या गावांच्या बाजारपेठेत नावा चालवायची पाळी येते. २०१९ मध्ये ते साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. गाळ काढा, दरवाजे वाढवा, ही त्यांची मागणी आहे आणि ती हट्टाची मागणी नाही. पाखरांच्या प्रेमापोटी ज्यांना ही गावे दिसत नाहीत त्यांच्या निसर्गप्रेमावर काठावरचा शेतकरी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१७चे पाणथळ जागांविषयीचे केंद्रीय नियम रामसर स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना संरक्षण देतात. पण व्याख्येतच मोठी वजाबाकी आहे: पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यात धरले जात नाहीत. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे आणि रामसर यादीतही आहे, म्हणून बचावले. गंगापूरला या नियमांचा आडोसा सहजासहजी मिळणार नाही.

या वजाबाकीचा अर्थ नागपूरकरांना चांगलाच कळला आहे. फुटाळा तलावात संगीत कारंजे, प्रेक्षागृह आणि तरंगते उपाहारगृह यांचा घाट घातला गेला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२५ मध्ये न्यायालयाने फुटाळा हा मानवनिर्मित जलाशय असल्याने या नियमांतली पाणथळ जागा ठरत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच निकालात, लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळ करण्याचे सरकारचे कर्तव्य कृत्रिम तळ्यांनाही लागू होते, असेही म्हटले. उलट मुंबईत पवई तलावाच्या काठाने महापालिका सायकल ट्रॅक बांधू लागली होती. १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी केलेला, आणि लवकरच त्या कामासाठी बाद झालेला हा तलाव. त्यात आज मगरी नांदतात. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो ट्रॅक बेकायदा ठरवला आणि केलेले काम काढून टाकायला सांगितले. दोन्ही पाणी माणसाने अडवलेले, दोन्हीकडे करमणुकीचे काम, निकाल दोन तऱ्हेचे. गंगापूरसाठी धडा एवढाच की न्यायालयावर हवाला ठेवून बसण्यात शहाणपण नाही. पाणी नाशिकचे आहे, वाटणी नाशिकनेच करायची आहे.

वाटणी होते कशी, याचा एक नमुना इंग्लंडमध्ये आहे. रटलंड वॉटर हा तिथला विस्ताराने मोठा जलाशय १९७०च्या दशकात, गंगापूरसारखाच, शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी झाला. सुरुवातीलाच ठरले की शिडाच्या बोटी, मासेमारी, सायकली हे एका अंगाला आणि पश्चिमेकडची उथळ टोके पाखरांना. त्या टोकांशी छोटी तळी मुद्दाम खोदली, पाणी सरले तरी तिथे ओल राहावी म्हणून. पाखरे पाहायला लाकडी आडोसे बांधले. पाणी कंपनीचे, राखणीचे काम निसर्गसंस्थेचे. ऑस्प्रे हा मासे मारणारा शिकारी पक्षी मध्य इंग्लंडमधून दीडशे वर्षे नाहीसा झाला होता. १९९६ पासून तो तिथे आणून सोडला आणि २००१ मध्ये त्याने पिले काढली. आता बोटींनाही गर्दी आणि ऑस्प्रेलाही गर्दी. सिंगापूरचा मॅकरिची जलाशय एकोणिसाव्या शतकातला, आजही पिण्याच्या पाण्याचा. वल्ह्याच्या होड्यांना तिथे ठरलेला भाग आहे आणि बाकी काठाने जंगलातली पायवाट.

गंगापूरची रचना या वाटणीला जणू अनुकूलच आहे. भिंतीजवळचा आणि बोट क्लबसमोरचा भाग खोल. बोटींना तोच सोयीचा. वरची, गाळपेरीची टोके उथळ. तिथे बोट तशीही रुतते. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत त्या टोकांच्या अलीकडे तरंगते बोये बांधून हद्द दाखवावी. पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात. दोराने ओवलेले बोये टिकतात. हद्दीच्या आत यांत्रिक बोट नाही, ड्रोन नाही, स्पीकर नाही. गाळपेर करणाऱ्याला आणि जाळे टाकणाऱ्याला तिथून हाकलायचे कारण नाही. पाखरे त्यांच्या चालीला सरावलेली असतात. बोट क्लबला याने काही तोटा नाही. खरे तर बॅटरीवरच्या आणि वल्ह्याच्या बोटी वाढवून पेट्रोलच्या बोटी कमी केल्या तर नळाला येणाऱ्या पाण्याचेही भले. रिसॉर्टचे सांडपाणी कुठे जाते याची तपासणी वर्षातून दोनदा महापालिकेने करावी आणि निकाल लोकांपुढे ठेवावा. पाणीपट्टी भरणाऱ्याला तेवढे विचारायचा हक्क आहे.

पण पाखरांची सोय करून माणसाची केली नाही तर ही वाटणी अर्धीच. इथे नाशिकच्या नियोजनातले सर्वांत मोठे भगदाड आहे. ज्याच्या खिशात रिसॉर्टचे पैसे आहेत त्याला काठ आहे, लाइफ जॅकेट आहे, वाढपी आहे. बाकीच्यांना गुरांची वाट. एप्रिल २०२१ मध्ये वालदेवी धरणावर वाढदिवस साजरा करायला गेलेली शहरातली सहा मुले-मुली बुडून गेली. अशा घटनेनंतर दर वेळी एकच उपाय होतो: बंदीचा फलक. फलकाने पोरे थांबत नाहीत, ती फक्त फलकाच्या पुढच्या वळणावर उतरतात, जिथे कुणी बघायला नसते. ज्या शहरात उन्हाळ्यात पाण्याशी जायची एकही सुरक्षित आणि फुकट जागा नाही, ते शहर आपल्या पोरांना वालदेवीकडे आपणच ढकलते. गंगापूरच्या काठी महापालिकेने किंवा जलसंपदा विभागाने पाचशे-सातशे मीटरचा सार्वजनिक घाट करावा: उताराला पायऱ्या, खोली दाखवणारे खांब, सुटीच्या दिवशी दोन जीवरक्षक, संडास, पाण्याचा नळ, आणि शहर बससेवेची थेट बस. संगीत कारंज्याच्या खर्चाच्या काही अंशात हे होईल, आणि त्याला वीजही लागणार नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे. धरणाचे पाणी स्थिर नसते. पावसाळ्यात दरवाजे उघडतात, एका रात्रीत काठ मागे-पुढे होतो. शिवाय समन्यायी वाटपाच्या नियमानुसार १५ ऑक्टोबरच्या सुमारास मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. तुटीच्या वर्षी नाशिक-मराठवाडा वाद पेटतो, मोर्चे निघतात, आणि शेवटी विसर्ग होतोच. २०२३ मध्ये झाला. तेव्हा बदके कुठे उतरायची हे पाखरांचे तज्ज्ञ ठरवत नाहीत, मंत्रालयातली बैठक ठरवते. हे मान्य. पण पाणी खाली-वर होते हेच तर या जागेचे वैशिष्ट्य. हद्दीचे बोये पाण्याबरोबर सरकवता येतात. घाटाच्या पायऱ्या पूरपातळीपासून उन्हाळी पातळीपर्यंत उतरत्या बांधता येतात. पंचवटीत पेशवाईतल्या कारागिरांनी दगडात हेच केले. आणि गाळ काढण्याच्या मोहिमा होतात तेव्हा भिंतीजवळचा खोल भाग उपसावा, वरच्या टोकांची उथळी तशीच ठेवावी, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ. साठाही वाढेल आणि शेकाट्यांचा चिखलही राहील. गाळाचा अभ्यास उपग्रहावरून करणारी मेरी ही सरकारी संस्था दिंडोरी रोडवरच आहे. नकाशासाठी कुठे लांब जायला नको.

पैशाचे म्हणाल तर सिंहस्थ २०२७च्या तोंडावर नाशिकमध्ये पैसा नाही असे म्हणण्याची सोय कुणाला उरलेली नाही. रस्ते, घाट, पूल यांची कामे निघाली आहेत. त्यातली काही लोकांना पटलेली नाहीत. तपोवनातल्या झाडांसाठी २०२५च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले ते उगाच नव्हे. त्या आंदोलनाने एक सिद्ध केले की या शहराला आपल्या सावलीची चाड आहे. झाड डोळ्यांसमोर असते, त्यावर कुऱ्हाड पडली की दिसते. फुगवट्यावरचा थवा कमी झाला तर ते दिसत नाही, कारण तो मोजलेलाच नसतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. दुर्बीण आणि वही असलेल्या कुणालाही तीत भाग घेता येतो. गंगापूर रोडवर इतकी महाविद्यालये आहेत. प्राणिशास्त्राच्या एकेका वर्गाने जलाशयाचे एकेक टोक वाटून घेतले आणि सलग पाच जानेवारी मोजले, तर अधिकाऱ्यांसमोर ठेवायला आकडे तयार होतील. भावनेपेक्षा आकड्याला सरकारी टेबलावर जास्त मान आहे.

बदके इथे दिवाळीनंतर उतरू लागतात. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी जलसंपदा, महापालिका, पर्यटन महामंडळ आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांना एका दिवसासाठी एकत्र बसवावे, शांत पाण्याची हद्द आणि सार्वजनिक घाटाची जागा नकाशावर नक्की करावी आणि तो नकाशा गंगावऱ्हे आणि सावरगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आणि वाचकहो, पुढच्या रविवारी तिकडे जाल तेव्हा आपल्या नगरसेवकालाही गाडीत घ्या. रिसॉर्टच्या फाटकातून नको, गुरांच्या वाटेने खाली उतरवा.